धुडकूबाबाचं नाक

सारंगखेड्याच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजारामागे,
तापीकडे तोंड करून उभी होती त्यांची बस.
महामंडळाने भंगारात काढलेली, नंबर खरवडलेला.
आत तीन बाजा, एक ओटा, एक सिलिंडर,
टपावर पाळण्याचे सुटे हत्ती.

मी शहाद्याहून आलो, पिशवीत दोन डब्या, ड्रिल,
चार स्क्रू जास्तीचे.
केसरबाई म्हणाली, "हाई दोन कसाले? एकमा भागत नही का?"
"गॅस खाले बठस, भाभी. धूर वर जास."
"आनि मानूस?"
"मानूस मधमा झोपस."

पहिली डबी जमिनीपासून वीतभर वर,
जिथे मांजर शेपूट ठेवतं.
दुसरी छताला, कंडक्टरच्या घंटीची दोरी
जिथून जायची त्या भोकाजवळ.
ड्रिल लागताच लालाच्या आत पिवळा,
पिवळ्याच्या आत आणखी जुना लाल,
सगळ्या रस्त्यांचा भुगा माझ्या बाहीवर.

धुडकूबाबा बाजेवरून बघत होता.
तीस वर्षं मौतच्या कुव्यात मोटारसायकल फिरवलेला.
पेट्रोल, काळं तेल, फळ्यांची धूळ;
नाकाचं केव्हाच लाकूड झालेलं.
मागच्या हिवाळ्यात नळी गळत होती
आणि हा बिडी शिलगावत होता.
काडेपेटी ओली निघाली, एवढंच.
सांगताना केसरबाईचा हात परातीतच राहिला.

लायटर न पेटवता खालच्या डबीपाशी धरला.
ती अशी किंचाळली की बाहेर
कुणाची तरी घोडी दोन पायांवर.
बाबाने हात कानाला नाही, नाकाला लावला.
"आते हाई मन्हं नाक," म्हणाला. "भितडावर टांगेल."

मी बजावलं: वांगी बाहेर भाजा, पऱ्हाट्यांवर.
फोडणीला खिडकी उघडा.
आणि कितीही थंडी असो, शेगडी आत घेऊन झोपू नका,
ते विष या दोघींनाही कळत नाही.
मजुरी चारशे, वर पाळण्याच्या दोन चकरा फुकट.
मी एकच घेतली.

माघ सरताना फोन, मुक्ताईनगरच्या जत्रेतून.
"भो, बसमा रातकिडा शिरेल शे.
मिनटाले एक डाव बोलस.
गोधड्या झटक्यात, बाजा उचल्यात, सापडत नही."

किडा नाही, बाबा. वरच्या डबीचा सेल संपला.
(स्वस्तातला घातला होता. चूक माझी.)
नवा टाका, गप्प होईल.

पलीकडे पाळण्याचं इंजिन, पोरांचा गलका,
आणि मधेच, खरंच, एक टिक्.
"मंग हाऊ बोलाव नही?"
"काही झालं तरच."
"मंग आजनी रात ऱ्हाऊ दे. सोबत शे."

नाही बाबा, आत्ता. दुकान उघडं असेल.
नातीला पाठवल्याचं ऐकू आलं,
तिच्या चपला, मग पैसे मोजणं, मग काहीच नाही.
मी फोन ठेवला नाही.
टिक्.
बराच वेळ.
टिक्.