तवंग

पहाटे साडेपाचला पहिली मॉली आडवी.
पोट वर करून नाही, कुशीवर,
झोपेत पांघरूण सरकल्यासारखी.
सहाला दुसरी.
समिधा उठायच्या आत दोन्ही चहाच्या गाळणीनं काढल्या,
कढीपत्त्याच्या कुंडीत पुरल्या.
गाळणी दोनदा धुतली. बायकोला बोललो नाही.

बावीस वर्षं उद्यमनगरात लेथवर.
बेअरिंग जाणार असलं की मला आदल्या दिवशी कळतं.
चक सूतभर हललं तर डोळ्याआधी
तळपायाला कळतं.
पण मासा आवाज करत नाही.
उरलेले नऊ वर आलेत,
शर्टाच्या काजाएवढी तोंडं
उघडतात, मिटतात,
आणि खोलीत नुसती पंपाची गुरगुर.
पंप चांगला आहे.
पंप काल रात्री मीच दुरुस्त केलाय.

शाहूपुरीतल्या दस्तगीर मुल्लाणीला उठवलं.
झोपेतच विचारायला लागला :
अंगावर पांढरं ठिपकं?
न्हाईत.
पंख मिटल्यात?
थोडं. कल्लं मात्र भराभर हालाल्यात.
नवा मासा सोडलास?
न्हाई.
पाणी?
गेल्या ऐतवारी बदललं. दोन दिस बादलीत ठेवूनच.
सगळी वर आल्यात, का खाली बी कोण हाय?
सगळी वर.
सगळी?
काचेला चिकटून असतोय त्यो काळा बी. प्लेको.
जन्मात कधी वर आला न्हवता.

फोनवर जरा वेळ काहीच नाही.
त्याच्या दुकानातल्या शंभर मोटारींचा आवाज तेवढा.
मग म्हणाला,
रोग न्हवं लेका त्यो. रोग एकेकाला धरतोय.
एका रातीत समद्यांस्नी धरतंय ते पाणी.
ट्यूब बंद कर. बॅटरी तिरकी मार पाण्यावर.
काय दिसतंय?

मोराच्या मानेचे रंग दिसत होते.
निळा, जांभळा, कडेला पिवळट,
पाण्यावर झाकण घातल्यागत पातळ, अखंड.
हा रंग मी ओळखतो.
कारखान्यात ड्रेनजवळ रोज ओलांडून जातो.

हात घातला हुतास?
घातला. कोपरापर्यंत.
धुवून?
धुवून. चांगला धुवून.

आधी डिझेल, मग लाकडाचा भुसा, मग पावडर.
उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेलं,
त्याच हातानं घरी येऊन भात कालवायचा,
त्याच हातानं पोरीची वेणी घालायची.
मला वाटायचं, घाण लागते ती कामाची.
धुण्याची लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पेपर अंथर, दस्तगीर म्हणाला,
आख्खं पान, पाण्यावर सपाट. अलगद उचल. परत दुसरं.
पहिलं गेलं गुळाच्या भावाचं.
उचललं तेव्हा अक्षरं पारदर्शक,
मागच्या पानावरची नवरी पुढं दिसायला लागलेली.
मग कुस्तीचं पान. मग छोट्या जाहिराती.
पाचव्या पानाला रंग तुटला,
सातव्याला बेटं राहिली,
आणि पंपाचे बुडबुडे पहिल्यांदा
वर येऊन नीट फुटले.
बादलीतलं शिळं पाणी तांब्यानं, काठाकाठानं, थोडं थोडं.
हा हात नव्हे, डावा.
नंतर आठवलं, डावाही तसाच धुतलेला.
मग नुसता तांब्या. बोटं वर.

समिधा उठून आली. जमिनीवर ओले पेपर,
तिनं ते पाहिलेच नाहीत.
आधी मोजले.
नऊच?
मी कुंडीकडं बोट केलं.
बोट कुठलं केलं ते माझ्या लक्षात आलं
आणि मी ते खाली घेतलं.

पहिली शिफ्ट चुकली. दुसरीला गेलो.
तिथं मशीन ओरडत होतं, मला बरं वाटलं.

रात्री आलो. साबणाची नवी वडी काढली,
धुतले, हुंगले, परत धुतले.
प्लेको खाली दगडावर.
आठ की नऊ, मोजायचं मी टाळलं,
सकाळी समिधा मोजेल.
परक्याच्या घरी उभं राहावं तसा
हात पाठीमागं धरून काचेसमोर थांबलो.
पंपाचा आवाज नीट येतोय.
मला तेवढंच कळतं.