क्षितिज वाकडं आहे

वार्दोमध्ये नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो जानेवारीच्या मध्यापर्यंत येत नाही.
नेमके तेवढेच आठवडे आम्ही
दर गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात बसून
प्रकाशाबद्दल बोलतो.

सहा-सात जण, एक पडदा,
आणि अस्लाउगची कॉफी,
जिच्यावर मात्र कुणीच अभिप्राय देत नाही.

नियम दोनच.
ज्याचा फोटो, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं.
आणि 'छान' म्हणायचं नाही.
'छान' म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर
हळूच लोटलेलं दार,
असं मीच फळ्यावर लिहिलं होतं पहिल्या वर्षी.
छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी या गावात.
चूक दिसली की बोट आपोआप उठतं.

राग्नहिलचा समुद्रपक्षी चौकटीच्या मधोमध होता,
पोस्टाच्या तिकिटासारखा.
मी म्हटलं, त्याच्या पुढे जागा ठेव थोडी,
उडून जायचंय त्याला.
पुढच्या गुरुवारी तिने आणलं ते नुसतं आभाळ,
कोपऱ्यात शेपटीची दोन पिसं.
"दिली जागा," म्हणाली.

एइलिफला आम्ही तीन वर्षं सांगतोय,
वाळत घातलेले मासे पुरे.
तो मान डोलावतो. मासे आणतो.

मग योस्टाइन आला. एकोणीस वर्षांचा,
खेकड्यांच्या बोटीवर कामाला,
स्वेटरला अजून डिझेलचा वास.
मोबाइलवर काढलेला एकच फोटो :
दुपारच्या निळ्या उजेडात समुद्र,
आणि समुद्र एका बाजूला ओतल्यासारखा.

क्षितिज वाकडं आहे, मी म्हटलं.
उठले, पर्समधला कोनमापक पडद्याला लावला.
अकरा अंश.
सरळ करायला अर्धं मिनिट पुरे.
त्याचे कान लाल झाले.
पण नियम म्हणजे नियम, तो बोलला नाही.

सगळ्यांचं झाल्यावर म्हणाला,
"बोट तेवढी कललेली होती.
एका हातात दोर होता माझ्या."

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.
मी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

तेव्हा कनकलिंगम,
मासळीच्या कारखान्यात वीस वर्षं सुरी चालवून
जो फक्त गरजेपुरतं कापतो आणि गरजेपुरतं बोलतो,
तो पुढे सरकून म्हणाला,
"वाकडंच राहू दे. पण दोर कुठाय?
दोर नाही दिसला तर वाटतं, तुझा हात हलला.
दोर दिसला तर कळेल, जग हललं."

योस्टाइन खाली बघत म्हणाला, होता.
कापून टाकला. हातमोजा फाटका दिसत होता.

"दाखव."

मूळ फोटो पडद्यावर आला.
खालच्या कोपऱ्यात ताणलेला निळा दोर,
फाटक्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा,
नखाखाली काळं,
आणि त्याच्यापलीकडे तोच अकरा अंशांचा समुद्र.
अस्लाउगने नकळत
टेबलाची कड धरली.

शेवटचा फोटो माझा होता.
बंदर, भरतीची वेळ, दिव्यांची ओळ,
पाण्यात तिचंच प्रतिबिंब. तिपाईवर तासभर,
बोटं बधिर होईपर्यंत, पाणसळ बघून लावलेला कॅमेरा.
नियमानुसार मी गप्प.
तेही गप्प.
एइलिफने खुर्ची पुढे ओढली, मागे नेली.
राग्नहिल म्हणाली, दिवे मोजले, चौदा आहेत.
कनकलिंगम बराच वेळ पाहत होता,
कुठून आत शिरावं ते शोधत असल्यासारखा.

शेवटी योस्टाइनच बोलला,
तिसऱ्या बाकावरून बोलायचा तसा, जरा घाबरत :
"सगळं बरोबर आहे, बाई."

किती हजार वह्यांत लिहिला असेल मी हा शब्द,
खाली रेघ मारून.
त्याच्याशी मुलं घरी जाऊन काय करायची
ते कधी विचारलं नव्हतं.

बाहेर पडले तेव्हा वारा समोरून होता.
रस्त्यावर बर्फाची काच.
पुढे झुकून, भिंतीला हात लावत चालले,
किती अंशांत झुकले होते
ते मोजलं नाही.