विचलन-नोंद

सोहार, ऑगस्ट. रात्रीचे दोन वाजून दहा.
फ्रीजरचा गजर माझ्या मोबाइलवर वाजतो
आणि मी लुंगीवरच गाडी काढतो.
दारातून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ.

उणे ऐंशीचा आकडा उणे बासष्टवर आलाय.
माझ्यादेखत एकसष्ट.
आत एकशे बेचाळीस माणसं आहेत,
म्हणजे त्यांचं रक्त, म्हणजे रक्तातलं पाणी,
गरगर फिरवून, निवळून
बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरलेलं.
नावं नाहीत. नावं एका कपाटात,
कपाटाची किल्ली डॉक्टर बुथैनांच्या पर्समध्ये,
आणि त्या मस्कतला.

अभ्यास काय, तर एवढाच:
उन्हात राबणाऱ्याचं मूत्रपिंड थकायला लागतं
ते रक्ताला आधी कधी कळतं?
क्रिएटिनिन उशिरा बोलतं,
पोलीस पाटलासारखं, सगळं होऊन गेल्यावर.
आम्ही त्याच्याआधी कुजबुजणारं कुणी शोधतोय.

मी नुसता टोचणारा.
पहाटे पाचला, उपाशीपोटी, साइटची बस यायच्या आत.
वेल्डरांच्या हातांवर ठिणग्यांचे तीळ,
शिरा दोरखंडासारख्या, सुई आपणच आत जाते.
दुसरा गट साखरेच्या जुन्या रुग्णांचा.
शम्सा आजींची शीर सापडता सापडत नाही.
मेंदीची बोटं पुढे करून म्हणतात,
बघ बाबा, आत खजूर पिकलेत का.

आणि त्रेसष्ट नंबर.
परांचीवर काम करणारा, गुहागरकडचा.
बिल्ल्यावरचं आडनाव वाचून पहिल्याच दिवशी ओरडला,
'आंबेरकर? म्हणजे आपल्यातलेच की!'
दर महिन्याला कापूस दाबून धरत विचारायचा,
'भाऊ, काय लिवलंय रक्तात?'
'अजून वाचलं नाही.'
चौथ्या महिन्यात हे खोटं होतं.
आकडा मी पाहिला होता, महिन्यागणिक चढत गेलेला.
पण त्या आकड्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.
अर्थ लागावा म्हणून तर त्याचं रक्त.
क्रिएटिनिन मात्र सभ्य, मर्यादेत.
पाचव्या महिन्यात तो आलाच नाही.
कॅम्पवरचा सुपरवायझर म्हणाला, करार संपला, गेला.
तक्त्यात त्याच्यापुढे मी टाइप केलं: अनुपलब्ध.

उणे सत्तावन्न.
बंदरावरच्या मासळी कंपनीत कोरडा बर्फ असतो,
सुरमई विमानाने जाते त्याच्यासाठी.
पहारेकरी जुमा झोपेतून उठला, चाळीस किलो मोजून दिला.
'कुठली मासळी?'
'महागातली.'

मग एकेक खोका. हातमोज्यांतून बोटं बधिर,
पांढरा धूर जमिनीवर लोळतोय.
सातवा खोका, तिसरी रांग. चार कुप्या.
हिमाने झाकलेलं लेबल अंगठ्याने पुसलं.
वाचायची गरज नव्हती. वाचलं.
माणूस गेला तरी त्याचा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे
इथेच, सुरमईच्या बर्फात.

सहाला मेकॅनिक येऊन गेला. उणे सत्तर, मग अठ्ठ्याहत्तर.
वहीत लिहिलं:
विचलन तीन तास पन्नास मिनिटे.
सर्वांत वरचे तापमान उणे पंचावन्न.
नमुने सुरक्षित.
शेऱ्याचा रकाना कोरा.
हातांना मासळीचा वास येतोय.

पार्किंगच्या पावतीमागे त्याने एक नंबर लिहून दिला होता,
जो माझ्याकडे असायला नको.
तिकडे साडेसात वाजले असतील.
चार वेळा वाजला.
'कोण?'
काय सांगणार? जे सांगायचं ते अजून सिद्ध झालेलं नाही.
'पाणी पितोस ना रे भरपूर?'
पलीकडे क्षणभर काहीच नाही, एक कोंबडा,
मग हसू:
'भाऊ, हे विचारायला? एवढ्या सकाळी?'