सोळा दिसतात, आठ आहेत

मार्चअखेर, फोंडा, रात्रीचे पावणेदोन.
पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर एसीखाली बादली,
आणि व्याजाची बॅच सव्वातीन तास
बावन्न टक्क्यांवर बसलेली.

वेर्ण्याहून मेल्विन फुर्तादो, फोनवर, जांभई देत:
"सोळा सीपीयू दिल्यात गो तुका, आनी कितें जाय?"
दिलेत खरे. पडद्यावर सोळा चौकोन,
सोळाही काठोकाठ.

मी दुर्भाटची. आमच्या धक्क्यावर
रासईच्या फेरीला रांगा दोन लागतात,
एक मोटारींची, एक स्कूटरींची,
आणि पाहुण्याला वाटतं बोटी दोन असणार.
बोट एकच.
मोटारी चढल्यावर उरलेल्या फटींतून स्कूटरी घुसतात,
कुणाचा आरसा मोडतो, कुणी शिवी देतं,
तरी चार माणसं जास्त जातात पलीकडे.
हायपरथ्रेडिंग म्हणजे ही फट.
फटीत माणूस मावतो.
फटीला इंजिन नसतं.

हे चेअरमन सावर्डेकरांना कोण सांगणार?
निविदेत सोळा होतं, सोळा आलं.
त्याच यंत्रावर हजेरीचा सर्व्हर, मेलचा सर्व्हर,
आणि कुणालाच आठवत नाही असा एक तिसरा;
आम्ही सगळे एकाच धक्क्यावर उभे,
प्रत्येकाला सांगितलेलं की बोट तुझी.

सेटिंग उघडते.
समांतरतेची कमाल मर्यादा: शून्य.
शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे,
वाढप्यानं पंगतीत पातेलंच ठेवून निघून जावं, तसं शून्य.
खर्चाचा उंबरठा: पाच.
कोणत्या काळच्या कोणत्या यंत्रावरचे पाच, देव जाणे,
पण उसगाव शाखेची एवढीशी यादी काढायलाही
सोळा जण कमरा कसून उठतात,
पंधरा झटक्यात परततात
आणि दारात उभे राहतात,
सोळाव्यासाठी.

"मेल्विन, आठ काढून घे."
"काढूं?"
"काढ. मशीन बंद करून काढ."
"आनी बॅच?"
सव्वातीन तास. बावन्न टक्के.
"मार."

फोनवर त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग आठ. मर्यादा चार. उंबरठा पन्नास.
छोटी कामं एकेकट्यानं करा,
मोठ्यांना चौघे पुरे.
बॅच पुन्हा पहिल्यापासून सुरू केली
आणि पडद्याकडे पाठ करून बसले,
नजर लागेल म्हणून नव्हे,
डोळे चुरचुरत होते.

तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी संपली.
मेल्विनला कळवायला फोन लावला, तो झोपला होता.

सकाळी सावर्डेकरांनी विचारलं, नवे किती बसवले?
म्हटलं, आठ कमी केले.
ते हसले, मान डोलावली,
आणि इतिवृत्तात लिहून घेतलं:
सर्व्हरची क्षमता वाढविण्यात आली.