चौथी चिठ्ठी

शनिवारी संध्याकाळीच लपवून आलो होतो
सात चिठ्ठ्या आणि एक पत्र्याचा डबा.
सोबत काशिनाथ खरपडे, पाटोणपाड्याचा,
बॅटरी धरायला आणि हसायला.
"सर, खजिना पुरताय की टपाल वाटताय?"

रविवारी साडेसहाला येऊरच्या फाटकाशी
घोडबंदरच्या एका टॉवरमधली नऊ मुलं.
परीक्षा कालच संपलेली. टोप्या, बाटल्या,
एकाच्या गळ्यात दुर्बीण,
आणि बिबट्या दिसणार का, हा प्रश्न नऊ वेळा.

पहिली चिठ्ठी मीच हातात दिली :
    पान नाही अंगावर, फासलाय नुसता चुना,
    चांदण्यात भेटलो तर म्हणाल, भूत आलं पुन्हा.
कांडोळ. तीर्थाने धावत जाऊन मिठीच मारली.
(खाली पडलेल्या शेंगा उचलू नकोस, कुसळं टोचतात,
मी ओरडलो, नेहमीसारखा उशिरा.)

दुसरी ऐनाच्या भेगेत, सुसरीच्या पाठीत.
अन्वितने खोडावर टकटक केलं,
"आत पाणी असतं म्हणता, मग नळ कुठाय?"
तिसरी मुरुडशेंगेपाशी :
    कुणी पिळलं मला एवढं? कुणीच नाही, बाई,
    सरळ वाढायची मला जन्मात घाई नाही.

चौथी जांभळीच्या बेचक्यात खोचली होती.
बेचक्यात चिठ्ठी नव्हती.
लगतच्या फांदीवर
तांबड्या मुंग्यांनी पानाला पान शिवून केलेला गोळा,
रात्रीतून एक खोली वाढवलेली,
आणि त्या नव्या भिंतीत, पांढऱ्या धाग्यांखाली,
माझ्या अक्षरातला एक ळ.

"सर, तुम्हीच सांगा ना, काय लिहिलं होतं?"

मी तोंड उघडलं.
कुठलं झाड? काल याच हातांनी, याच पेनाने…
पान दिसत होतं मला,
तांबूस, कोवळं, उन्हाला आरपार जाऊ देणारं.
नाव नव्हतं.
बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
बरण्यांवर मी लेबलं चिकटवली.
आता गोंद सुटून एकेक खाली येतंय,
हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. चष्मा पुसला.
मुलांना वाटलं, सर मुद्दाम गप्प आहेत,
हाही खेळच.

मग ती पांगली.
चिठ्ठी नसेल तर प्रत्येक झाडाला विचारायचं,
असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.
खोडांना नाकं लागली, नखांत साल गेली,
रुबिनाने मोहाचं फूल जिभेवर ठेवलं
आणि डोळे एवढे केले की बाकीच्यांनीही खाल्लं.
दुर्बीणवाला उलट्या बाजूने मुंगळा बघत बसला.
झाडांची नावं मला कुणी विचारत नव्हतं.
ती देत होती :
टॉवेल. रडका. आजोबांचा गुडघा.
आणि वळणावरच्या एकाला, पेटल्यासारख्या पालवीच्या,
अन्वितने म्हटलं, सॉस.

छातीत काहीतरी सैल झालं.
हेच. हेच ते.
सॉस तर सॉस.

पाचवी चिठ्ठी त्याच्या बुंध्याशी होतीच.
पण दहा वाजून गेले होते, दगड तापले होते,
फाटकाशी दोन गाड्या हॉर्न देत होत्या.
डबा राहिला. तीर्था रुसली,
परतताना अख्खा रस्ता माझ्याशी बोलली नाही.

मे महिन्यात काशिनाथचा फोन.
"सर, तुमचा डबा घावला. पायराच्या मुळांत.
खालून वाळवी लागलीय. काय होतं हो आत?"
मी आठवून पाहिलं.
भोवरे? शिट्ट्या? रिठ्याच्या बिया?
"उघडू का?"
"नको," म्हटलं. "असं कर,
तिथून उचल आणि दुसरीकडे ठेव.
कुठे, ते मला सांगू नकोस."

तो हसला. मग मध्येच थांबला.
पलीकडून बराच वेळ
नुसता कुर्ला पक्षी ओरडत राहिला, की कुठला तरी.

"चिठ्ठी लिहून ठेवतो, सर," तो म्हणाला,
"अक्षर तेवढं माझं वाईट आहे."