चमच्याएवढी दिवाळी

सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा खारी न्हाणीघरात होती,
बादलीमागे, जिथे बादलीसुद्धा धड मावत नाही.
मी हाका मारल्या. बिस्किट दाखवलं.
मग, चुकलंच माझं, पट्ट्याला धरून ओढलं.
तिने माझा अंगठा फोडला नाही,
नुसता दातात धरला
आणि सोडायचं विसरली.

डॉक्टर नर्गिस म्हणाल्या, ओढायचं नाही.
लपते ती जागा तिची. तिथे गोधडी टाका.
आणि सण सरला की फटाके मोबाईलवर लावा,
अगदी बारीक, मुंगीने टिकली फोडल्यासारखे.
दर फटाक्याला कलेजीचा एक तुकडा.
आवाजाची एकेक रेघ वाढवा.
घाई नको. दिवाळी काय, दरवर्षी येते.

तर ताडवाडीच्या आमच्या खोलीत
तुळशीचं लग्न लागून गेल्यावर
भर दुपारी सुरू झाली चमच्याएवढी दिवाळी.
फट्. कलेजी. फट्. कलेजी.
फिलोमिना आंटींनी दारातून विचारलं,
माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर चालेल का गं हे औषध?
तिसऱ्या रेघेला खारीचा कान हलला.
पाचवीला तिने तोंडातला तुकडा खाली टाकला.
आम्ही परत दुसरीवर आलो.

बाबा खाटेवर पेपर वाचत होते.
चौतीस वर्षं गोदीत,
जहाजाच्या पोटात बसून पत्र्यावर हातोडा.
कानात घालायचे बोळे मिळाले
ते ऐकू येणं संपल्यावर,
निरोपाच्या घड्याळासोबत.
(घड्याळ चालतं अजून. टिकटिकतं का, विचारतात कधीतरी.)
कानाचं यंत्र लावा म्हटलं की म्हणतात,
कशाला? वरच्यांचा मिक्सर ऐकायला?

मला वाटायचं, खारी माझी.
मीच आणली तिला डॉकयार्ड रोडच्या पुलाखालून,
अंगाला डांबर, कानाला पालिकेची खाच.
पण वरच्या मजल्यावर ड्रिल लागलं
की ती मला ओलांडून बाबांकडे जायची.
राग यायचा. मग कळलं.
तिला धीर देताना माझाच आवाज चढायचा.
काही फुटायच्या आधीच माझे खांदे वर जायचे,
ती ते वाचायची.
बाबांचे खांदे जागच्या जागी.

एकतीस डिसेंबर. आम्ही सातव्या रेघेवर पोचलो होतो.
मी खिडक्या लावल्या, फटीत जुनी साडी कोंबली,
पंखा पाचवर, कलेजी वाटीत.
बंदरातल्या बोटींचं मात्र विसरले.

ठोक्याला बारा वाजता त्या एकदम भोंगे देतात,
धडधाकट, गंजलेल्या, दुरुस्तीला आलेल्या,
दावणीच्या म्हशींसारख्या, लांबच लांब.
याला रेघ नसते. हे बारीक करता येत नाही.
खारी न्हाणीघराकडे निघाली, अर्ध्यात थांबली,
वळून बाबांच्या पोटाला पाठ लावून बसली.
मी वाटी घेऊन उभी.

बाबांनी तळवा तिच्या बरगड्यांवर ठेवला.
थोपटलं नाही. दाबला नाही.
यंत्र चालू आहे का बघताना ठेवतात, तसा.
ती थरथरत होती,
तो हात तसाच.
मग डोळे मिटून, जरा जास्तच मोठ्याने, म्हणाले,
"तीन मोठ्या आहेत. एक टग.
आणि ती टोकाची... तिच्या भोंग्याचा पडदा फाटलाय.
वेळेवर बदलत नाहीत लेकाचे."

खारीने जांभई दिली.
भीतीचीही एक जांभई असते, डॉक्टर म्हणाल्या होत्या.
ही कुठली, मला ओळखता आलं नाही.
वाटी जमिनीवर ठेवली
आणि पंखा बंद केला.