आकाशशेत

या पट्ट्याला आकाशशेत म्हणतात.
नाव ठेवणाऱ्यानं कधी दाताळं हातात धरलं नसावं.
भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, बुरुजापासून बुरुजापर्यंत
सात पावलं रुंद रेती.
पेरायचं काही नाही.
उगवलंच तर पाऊल उगवतं.

संध्याकाळी ती आम्ही विंचरतो,
लग्नाला उभ्या राहणाऱ्या पोरीचे केस विंचरावेत तशी,
आणि सकाळी, दव न पडणाऱ्या या मुलखात,
उकिडवे बसून वाचतो:
कोल्हा. रानउंदीर. वारा.
पुन्हा तोच कोल्हा, आज लंगडत.

मी यिन शांग, बुरुजाचा कारकून.
लिहिता येतं म्हणून दाताळं माफ नाही;
चार माणसं आणि एक कुत्रा,
कोण कुणाला काय माफ करणार?
झाऊच्या लाकडी पट्ट्यांवर मी मांडतो:
धनुष्य एक, ताण गेलेला.
बाण पन्नास, पैकी सहांची पिसं झडलेली.
धुराच्या मोळ्या आठ. ओल्या दोन.
राळे, माणशी ठरलेलं माप.
कुत्र्याचे राळे लिहायला रकाना नाही.

एक मोळी पेटली की स्वार दिसले.
दोन पेटल्या की पुष्कळ दिसले.
तिसरी पेटवायला माणूस उरेल
असं कुणी धरलेलंच नाही.

पण अकरा हिवाळ्यांत उत्तरेकडून आले ते मीठवाले,
आणि एकदा मेंढी शोधत एक बाई.
तिची भाषा आम्हाला कळली नाही.
मेंढी कळली.

मग नवव्या महिन्यात एका सकाळी
टाच आमच्याकडे, बोटं तिकडे.
अनवाणी.
डाव्या पायाला करंगळी नाही.
ती करंगळी मागच्या थंडीत
मीच याच चाकूनं काढली होती,
च्यू फांग दातांत चामडं धरून
त्याच्या गावच्या तळ्यातल्या कमळकाकड्यांची नावं घेत होता.

बूट दाराशी नीट जोडीनं ठेवलेले.
सरकारी होते ना.

नियम सोपा आहे.
इथे एक पाऊल वाकडं पडलं
की तिथे, महिनाभराच्या वाटेवर,
एका म्हातारीच्या दाराला मोहोर लागते.
ठाणेदार रेतीकडे पाहत राहिला, मग म्हणाला,
कुत्र्याला पाणी घातलं का?
मी लिहिलं. खरं तेच लिहिलं.
शाई वाळू दिली.
मग चाकू घेऊन पट्टी तासली,
वळलेला एकच पापुद्रा निघाला, त्यावर सगळं,
आणि खालच्या कोऱ्या लाकडावर लिहिलं:
रात्री वादळ. शेत वाचण्याजोगं नाही.
माणसं चार.

त्या दिवसापासून कुत्र्याला रकाना मिळाला.
च्यू फांगचे राळे तो खाई,
हिवाळ्यापर्यंत चांगला भरला,
आणि आम्ही थट्टेनं मारलेल्या हाकेला
ओ देऊ लागला.

तपासनीस आला तेव्हा ओठ फुटेपर्यंत वारा होता.
त्यानं यादी वाचली. मी हजर म्हणालो.
ठाणेदार म्हणाला. तिसरा म्हणाला.
च्यू फांग?
कुत्रा उठला, अंग झटकलं,
आणि तपासनिसाच्या गुडघ्याला नाक लावून उभा राहिला.

तपासनिसानं कुत्र्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं.
त्याच्या स्वतःच्या बुटाचा तळ
दोरीनं बांधलेला होता.
मोळ्या दाखवा, म्हणाला. या दोन ओल्या का?

काळ्या दगडावरची रेघ इथे कुणीच मारत नाही.
तो पापुद्रा मी शौचाच्या खड्ड्यात टाकला.
नंतर आठवलं, कोरडा मुलूख,
इथे काहीच कुजत नाही.
कधी कुणी खणलंच,
तर त्याच्या तळहातावर येईल
अर्धं अक्षर, कदाचित टाचच नुसती,
आणि ती कुठे निघाली होती
ते त्याला कळू नये.

ऊन कलतंय.
तिसरा गडी दाताळी घेऊन आलाय.
आज त्याच्या वाटणीचं चार पावलं रुंद, माझ्या वाटणीचं तीन.
भांडण काढत नाही तो.
कुत्रा मात्र रोज विंचरलेल्यातूनच चालतो,
आणि आम्ही पुन्हा मागे जातो.